न घासलेलं भांडं

नात : ...म्हणून सर म्हणाले, आजोबांचे आकडे प्रबंधातून काढून टाक.

आजी : काढून टाक? पाच वर्षं घातली गं त्यांनी त्यात!

नात : अगं, मी कंप्युटरवर त्यांचीच गिरणी फिरवतेय. तेच पोलादी भांडं, त्याच गोळ्या, तीच तांब्याची आणि निकेलची भुकटी. गोळ्या आदळतात, भुकटी चेपते, चिकटते, तुटते, परत चिकटते. भट्टी न पेटवता मिश्रधातू तयार! पण भांडंही झिजतं ना? त्याचं लोखंड भुकटीत उतरायलाच हवं. आजोबांच्या वहीत पहिल्या चार खेपांना आहे, मग जवळपास नाहीच.

आजी : म्हणजे त्यांनी खोटं लिहिलं?

नात : सर 'खोटं' नाही म्हणत. 'भरवशाचं नाही' म्हणतात.

आजी : हो, तुझा कंप्युटर तेवढा हरिश्चंद्र!

नात : माझाही काढायला जीव होत नाहीये गं. पण दर खेपेला त्यांनीच लिहिलंय, 'भांडे घासून घेतले'. म्हणून मी भांडं कोरं धरलं.

आजी : कोणी घासलं, ते लिहिलंय?

नात : नाही. कोणी?

आजी : मी. मदतनीस होते ना त्यांच्याकडे. तेव्हा तुझी आई पोटात. पाठ भरून यायची. भुकटीचा थर आतून असा घट्ट बसायचा, खरवडताना नखं तुटायची. चार वेळा घासलं. मग नुसतं पुसून द्यायला लागले.

नात : आणि बाळंतपणानंतर?

आजी : तोवर अंगवळणी पडलं होतं. लाज वाटते बाई सांगायला.

नात : आजी, थांब! थर असला तर गोळ्या पोलादाला लागणारच नाहीत. लोखंड येईल कुठून? थर धरून चालवते. हलू नकोस.

आजी : मी कशाला हलतेय? गिरणी तुझी फिरतेय.

(नात बराच वेळ कीबोर्ड बडवत राहते.)

नात : हे बघ. हे ठिपके आजोबांचे, ही रेघ माझी. ठिपक्यांवरूनच गेली!

आजी : म्हणजे राहतील त्यांचे आकडे?

नात : राहतील. पण कारण लिहावं लागेल. तुझं नाव येईल त्यात.

आजी : येऊ दे. माझा आळस त्यांच्या माथी नको.

नात : त्यांना का नाही सांगितलंस कधी? रागावले असते?

आजी : ते कसले रागावतात! बाह्या सारून स्वतःच घासायला बसले असते.