आवाजावर झेललेले चेंडू

बसतो, डोन्या मिर्ता, बसतो की — रागावू नका बाई, पाय आपोआप उठतात. धंदाच तसा. तीन-तीन तास मैदानाच्या पार टोकाला उभं राहायचं, चेंडू येणार जेमतेम चारदा, पण उभं असं राहायचं की आत्ता येतोय. अठरा वर्षं झाली, तसाच उभा आहे. — तक्त्यावरची खालून तिसरी ओळ? वाचतो ना. आधी वरची वाचतो. ई. झालं. त्याखाली एफ, पी. त्याखाली... तुमच्या या चष्म्याच्या दुकानात उजेड कमी आहे का हो? नाही? बरं. — तुम्ही बेसबॉल बघत नाही म्हणालात, खरंच? या देशात राहून? मग बरंच आहे, तुमच्यापुढं बोलायला हरकत नाही. बाहेर रस्त्यात तिघांनी ओळखलं मला. एक म्हणाला, 'काय रे लिसांद्रो, इकडं बानी गावात कुठं वाट चुकलास?' मी म्हटलं, दुधाची मिठाई न्यायला आलोय.

सोळाव्या वर्षी अमेरिकेतल्या संघाच्या करारावर सही केली मी. आमची वस्ती साखर कारखान्याची, उसाच्या कडेला. झाडूचा दांडा म्हणजे बॅट, पाण्याच्या मोठ्या बाटलीचं झाकण म्हणजे चेंडू — ते झाकण हवेत कसंही वळतं, ते ज्याला पकडता आलं त्याला पुढं खरा चेंडू कलिंगडाएवढा दिसतो. मग अमेरिका. पहिलं गाव इतकं थंड की मे महिन्यात नाक गळायचं. मग दुसरं गाव, तिसरं, दरवर्षी एक पायरी, बसमध्येच जेवायचं, बसमध्येच झोपायचं, सात वर्षं. आणि सगळ्यात वरच्या लीगमध्ये किती? तेवीस दिवस. हसू नका — नाही हसलात, मला वाटलं हसलात. तिथं तुमची बॅगसुद्धा दुसरा उचलतो. चोविसाव्या दिवशी मॅनेजरनं खोलीत बोलावलं, दार लावून घेतलं आणि आधी पाणी दिलं. पाणी दिलं की समजायचं, काढलं आपल्याला. मग मेक्सिको, मग दोन उन्हाळे इटलीत — तिथं आमचा चेंडू टाकणारा पहाटे पाव भाजायचा आणि दुपारी खेळायला यायचा. आणि दर हिवाळ्यात इथं, आपल्या माणसांपुढं. इथं मी टोकाच्या तिघांत मधोमध. मधल्याचा शब्द शेवटचा असतो, डोन्या. डावीकडचा येत असो, उजवीकडचा येत असो, मधला 'माझा' म्हणाला की बाकीच्यांनी जागच्या जागी थांबायचं. त्यात वाद नाही.

ती ओळ? येतो, येतो तिच्याकडं. — लोकांना वाटतं आम्ही चेंडू बघून पळतो. नाही हो. टोल्याचा आवाज. बॅटच्या पोटावर बसला की वेगळा, टोकाला बसला की वेगळा. आवाज आला की पाय निघाले, नजर मागनं. मी तर दोन वर्षं... बरं, सांगतो. दोन वर्षं मी नुसत्या आवाजावर झेलतोय. चेंडू वर जाताना कळतो, मग नाहीसा होतो, आणि अगदी जवळ आला की पुन्हा उगवतो. तेवढ्यात हात घालायचा. बायकोलासुद्धा बोललो नाही. आणि संघात डोळे कोण बघतं, सगळे गुडघे दाबून बघतात. मलाही तपासून घ्यायचं नव्हतं. आमचे बाबा ऊस तोडायचे. एक्केचाळिसाव्या वर्षी त्यांना ताटातला भात दिसेनासा झाला, मग मीच हात धरून न्यायचो. डॉक्टर म्हणाले होते, मुलांच्याही डोळ्यांकडं लक्ष ठेवा. मी आता चौतीसचा. कशाला विचारायचं कुणाला?

गेल्या गुरुवारी स्टेडियम भरलेलं — ढोल, कर्णे, पत्र्याचे डबे. टोला बसला तो मला ऐकूच आला नाही. लोक उभे राहिले त्यावरून कळलं. डावीकडून फाउस्तो येत होता — फाउस्तो दुमे, तुमच्याच गावचा, बावीस वर्षांचा, पहिलाच हिवाळा त्याचा. त्याला चेंडू दिसत होता. आणि मी ओरडलो, 'माझा.' का ओरडलो? सवय हो, अठरा वर्षांची — नाही. सवय नाही. मला दिसत नाही हे त्याला कळू नये म्हणून ओरडलो. तो थांबला. थांबणारच. चेंडू दोघांच्या मध्ये पडला, समोरच्यांच्या दोन रन झाल्या, सामना गेला. आत गेल्यावर मॅनेजर म्हणाला, 'काय झालं रे?' मी म्हटलं, 'पोरगं आडवं आलं.' तीन शब्द. फाउस्तोनं माझ्याकडं बघितलं आणि हातमोजा काढून ठेवला. शुक्रवारी त्याचं कपाट रिकामं, संघातून काढलं त्याला.

मिठाई कुठली, डोन्या. मी सकाळी त्याच्या घरी गेलो होतो. सांगायलाच गेलो होतो. तो नव्हता, बाजारात कच्च्या केळ्यांचे ट्रक भरतो म्हणाली त्याची आई. मला बसवलं, कॉफी दिली, पाहुणा म्हणून साखर जास्त घातली. म्हणते, 'तू मोठा खेळाडू आहेस, तूच सांग ना मॅनेजरला, आमचा फाउस्तो एवढा वेंधळा नाही. आणि तो वेडा म्हणतो, चूक माझीच होती, आई.' ऐकलंत? स्वतःचीच म्हणतो. मी कप संपवला, 'बघतो' म्हटलं आणि उठलो. समोर तुमची पाटी होती. आत शिरलो.

जड आहे हो ही चौकट नाकावर. काच घातलीत? दुसरीही? — थांबा. काढू नका ती, थांबा. ही ओळ... वाचता येतेय. खालचीही. अगदी तळाला बारीक काय लिहिलंय, छापखान्याचं नाव का? — मग बाबांचं ते? काहीच नाही? डोळ्यांचा दाब मोजलात? दिवा लावून आत नीट बघितलंत? पुन्हा बघा. — साधा नंबर. उणे दोन. शाळेतल्या मुलांना लागतो तसा.

दोन वर्षं, डोन्या.

मी ठरवून आलो होतो काय बोलायचं ते. म्हणणार होतो, 'फाउस्तो, मी आंधळा होत चाललोय रे.' आंधळ्या माणसाला कोण काय बोलणार, उलट त्यानंच पाठीवर हात ठेवला असता माझ्या. आता काय सांगू? चष्मा लागला होता आणि मी घाबरत होतो, एवढंच?

शनिवारी तयार होईल? होऊ द्या. आत्ता मला तो कागद द्या, नंबर ठळक लिहून द्या, मॅनेजरलाही दाखवायचाय. आणि बाजार कुठल्या हाताला? — डाव्या. नको, दारापर्यंत येऊ नका, सापडेल. तुमचं दुसरं गिऱ्हाईक कधीचं ताटकळलंय, त्याला घ्या आत.