न मागितलेला गुणाकार

दाताच्या दवाखान्यात गालाला बर्फ लावून बसलेल्या गृहस्थांचा पुकारा झाला, पण शेजारी लॅपटॉप उघडून बसलेल्या नणंद-भावजयांचं संभाषण सोडून उठणं त्यांच्या जिवावर आलं.

"वहिनी, तुमची दाढ काढायच्या आत एवढं सांगा. आमच्या कारखान्यात भरलेल्या बाटल्यांच्या वजनांचा मध्यक काढला. त्यापासून प्रत्येक बाटली किती लांब, ते पाहिलं. त्या अंतरांचा पुन्हा मध्यक काढला. हाताने दोन ग्रॅम येतं, सॉफ्टवेअर जवळजवळ तीन म्हणतं."

"मग?"

"मर्यादा अडीचची! साहेब म्हणतात, बाटल्या भरायचं मशीन बंद करा."

"मर्यादा कशावरून ठरवली?"

"साहेबांनीच, हाताने काढून."

"अगं, सॉफ्टवेअर न विचारता उत्तर दीडपटीच्या आसपास करून देतं. प्रमाण विचलनाशी ताडून पाहता यावं म्हणून. तो गुणक बदल. एक लिही."

"लिहिलं. वहिनी, दोन आलं!"

"येणारच. कर फोन."

"हॅलो, साहेब? मशीन चालू ठेवा. दोनच आहे. नाही, नाही, हाताने नाही, सॉफ्टवेअरमधूनच. हो. बरं."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, मी सांगत नव्हतो, सॉफ्टवेअर कधी चुकत नाही?"