बैलाच्या कपाळावरचं पदक

मी लढाईतली पदकं जमवते आणि ती मिळवणाऱ्या शिपायांच्या हकिकती लिहून ठेवते, हे तुम्हाला ठाऊकच आहे. पण यंदा पोळ्याला तामसी गावात माझी चांगलीच जिरली, ते ऐका. तिथे गणपतराव म्हणून एक म्हातारे फौजी आहेत. त्यांचं एकाहत्तरच्या लढाईचं पदक मागायला गेले, तर ते बैलाच्या कपाळावर बांधलेलं!

मी ओरडलेच, "काऊन जी, लाज नाही वाटत? लढाईचं पदक बैलाले?"

"बाई, मी सरहद्दीवर होतो तवा घर बैलाइनंच पोसलं. मान त्याइचाच. दरसाल बांधतो."

"बैलं काय आपल्या मनानं शेत वखरत होती? मागं कोन चालत होतं?"

ओवाळायचं ताट घेऊन दारात उभ्या असलेल्या बायकोकडे म्हाताऱ्यानं पाहिलं. मग पदक सोडलं आणि साऱ्या गावादेखत तिच्या पदराला लावलं. पोरांनी शिट्ट्या मारल्या.

म्हातारी लाजून खेकसली, "अवो, नवं लुगडं हाय, भोक पडंल ना!"

मी संधी साधली. "मंग आण इकडं, मी काढून घेते," म्हणत हात पुढे केला.

म्हातारीची अशी चापटी बसली हातावर!