जिवलग मित्रांची लाल पेन्सिल

...नाही, हसा तुम्ही, हसा! लाल डोळे काय आपोआप होतात? तुम्हाला सांगते, त्या दोन गंजेड्यांच्या चारही सिनेमांत त्यांचे डोळे मी लाल केलेत, या हातांनी! खालच्या पापणीच्या आत लाल पेन्सिल फिरवायची, वर ग्लिसरीनचा थेंब, की झाले दोघं तर्र! कारण चिलमीत असतं काय? वाळलेला पुदिना! तोही दोघांतल्या लांब्याला सोसत नाही, दम्याचा पंप खिशात. आणि ढोल्या? तो तर दिवेलागणीलाच कोमट पाणी पिऊन झोपतो. हे म्हणे नशेबाज!

आणि गोष्ट तरी काय हो? पहिल्या भागात चिलीम ओढून फ्रीज पोचवायला निघतात, दुसऱ्यात तोच फ्रीज परत आणायला, तिसऱ्यात तो हरवतो, चौथ्यात सापडतो. संपलं! आणि यावर लोक शिट्ट्या मारतात... कशाला, ते त्यांनाच ठाऊक!

बरं, पोस्टरवर कुणाचं तोंड मोठं, यावरून दुसऱ्या भागापासून दोघांचं बोलणं बंद. बंद म्हणजे, माझ्या तोंडून चालू! स्टुडिओतल्या बोळाच्या या टोकाला लांब्याची मेकअपची खोली, त्या टोकाला ढोल्याची, आणि मधे मी, हातात ब्रश घेऊन पळतेय. लांब्या नाकातून, "ताई, त्या पिंपाला सांगा, माझ्या वाक्यावर ढेकर दिलीस तर याद राख!" पळा. पिंप गुरगुरणार, "त्या शिडीला म्हणावं, आधी वाक्य पाठ कर!" पळा परत. बरं, जरा मवाळ करून सांगावं, तर दोघंही डोळे वटारणार, "शब्द बदलायचा नाही हं, ताई!" नाही बदलला बाई. एकही नाही बदलला. आणि पडद्यावर म्हणे जिवलग मित्र!

आता पाचवा भाग. शेवटी फ्रीजसमोर दोघांची मिठी. लांब्या म्हणतो, "आधी त्याला येऊ दे." ढोल्या म्हणतो, "मी का जाऊ?" सगळं युनिट ताटकळलेलं, लाइटवाले पेंगतायत, आणि निर्माता माझ्यापुढे हात जोडून, "ताई, आज मिठी झाली नाही तर सिनेमा डब्यात गेला. तुम्हीच काहीतरी करा!" मी? मी काय त्यांची आई आहे? पण माझं घर चालतं हो त्या लाल पेन्सिलीवर! मग काय करता... मारली थाप. लांब्याला म्हटलं, "ते रडत होते, म्हणाले, याच्याशिवाय मला कोण विचारतं?" बोळातून धावत जाऊन ढोल्यालाही तेच.

अहो, काय ती मिठी! सुटेचनात! दोघं हमसून हमसून रडतायत, माझा लाल रंग गालांवरून शर्टावर, दिग्दर्शक ओरडतोय, "कट! अरे, हसायचंय!", आणि मी मूर्खासारखी कोपऱ्यात पदर डोळ्यांना लावून उभी. खरंच बरं वाटलं हो मला.

दुसऱ्या दिवशी दोघं एकाच खोलीत. जुनी उणीदुणी निघाली. दाराबाहेरून ऐकतेय मी. "तू मला पिंप म्हणालास?" "मी? छे! तू मला शिडी म्हणालास?" "शपथ घेतो, कधीच नाही!" आणि मग दोघं मिळून, "अच्छा, म्हणजे ताईच!"

एवढ्या वर्षांत जे खरं सांगितलं, ते खोटं ठरलं, आणि एकुलती एक थाप तेवढी खरी! मॅनेजर आला, मान खाली घालून म्हणाला, "ताई, उद्यापासून येऊ नका. दोघंही म्हणतात, तुम्ही काड्या लावता." पोस्टरवर एकमत नाही, फ्रीज कुणी उचलायचा यावर नाही, पण मला काढायचं म्हटल्यावर लगेच झालं! आणि आता पडद्याबाहेरसुद्धा जिवलग मित्र!

पेटी उचलली, दाराशी जाऊन म्हटलं, "येते, सर." वाटलं, एखादा तरी उठेल, दोन शब्द बोलेल. बोलले की! दोघंही बोलले, एका सुरात...

"ताई, ती लाल पेन्सिल ठेवून जा."

...आणि ठेवली हो मी. वर टोकही करून दिलं.