तळेगावले जाच्या आधी वायपर बदलले

मी मूळचा केळझरकडचा. बापाचं थोडंसं वावर होतं, त्यात वांगे, पालक, सांबार म्हंजे तुमची कोथिंबीर, तेच घेऊन बाप वर्ध्याच्या बाजारात बसे, अन् बापाच्या मागं मी बसलो. शाळा चौथीलोक. पुढं शिकलो नाई, कोणी शिक म्हटलंई नाई. लगन झालं ते तळेगावच्या सुमनसंग, आर्वीच्या पुढचं तळेगाव, श्यामजी पंताचं. ती माह्या बाजूले बसून सांबाराच्या जुड्या बांधे अन् गिऱ्हाईकासंग भांडे, मी नुसता तराजू धरो. त्याच बाजारावर सिंदी मेघेले घर झालं, पोरगा शिकला, नागपूरले नोकरीले लागला. त्यानं नवी गाडी घेतली तं जुनी मले देऊन टाकली. सुमन म्हणे, आता म्हातारपणी डायवर झाले, पाहा बाप्पा. पण बसे, समोरच बसे.

ती पोळ्याच्या आधी गेली. ताप आला, दवाखान्यात नेलं, तथीच राह्यली. काय सांगू तुम्हाले, मले रडू नाई आलं. लोकं म्हणे बुढा दगड आहे. असन.

तिची माय तळेगावले, पुतण्याकडं. म्हातारी आहे, पण डोळे, कान सारं जागेवर. तिले कोणी सांगतलंच नाई. पुतण्या म्हणे सांगतलं तं म्हातारी जाईन, पोरगाई तेच म्हणे, बाबा थांबा, पाहू पुढं. म्हातारीचा फोन येये, सुमी कशी आहे? मी म्हणो दवाखान्यात आहे. पुन्हा फोन, पुन्हा दवाखान्यात. एक दिवस ती म्हणे, जवाईबापू, इतके दिवस कोणता ताप असते, तिले फोन द्या. मी म्हटलं झोपली आहे. फोन ठेवला अन् ठरवलं, उद्या जातो अन् सांगतो.

त्यात झड लागली होती, पाणी थांबून नाई राह्यलं. गाडी काढली तं वायपर खरडे, काचेवर सारा चिखल पसरवे. रबर पार फाटलं होतं. इतके दिवस गाडीले हातच नाई लावला मी. मंग नवे वायपर घ्याले दुकानात गेलो. दुकानदार म्हणे, काका, डायवर साईडचं एकच घ्या ना, तिकडं तसंई कोण बसते, लोकं एकच बदलवते. त्याले काय मालूम. मी म्हटलं दोन्ही दे. काऊन म्हटलं ते मलेई मालूम नाई.

घरी आणले, टिनाखाली गाडी लावली. दांडी वर उचलली, काचेवर माहा दुपट्टा घडी करून टाकला, कारण नुसती लोखंडी दांडी सटकून आपटली तं काच जाते. मधात एक चाप असते, तो दाबला अन् वायपर खाली ओढला, का आकड्यातून निघते. नवीन तसाच वर सरकवाचा, टक् आवाज येयेपर्यंत. दोन्ही बसवले. बाजूचा वासुदेव छत्री घेऊन पाहून राह्यला होता. बटन दाबलं तं दोन्ही वायपर एकमेकात अडकले, खटखट करे. वासुदेव हसला, म्हणे, अबे बुढ्या, लांबवाला तुह्या बाजूचा होय, आखूडवाला तिकडचा, तू नवराबायकोचं भांडण लावलं ना बे. म्हटला अन् छत्री ठेवून टिनाखाली आला. मी म्हटलं लोटाभर पाणी टाक काचेवर. अदलाबदल केली, त्यानं पाणी टाकलं, काच साफ झाली. तो म्हणे, मी येतो तुह्यासंग. मी म्हटलं नको.

आर्वी येयेपर्यंत पाणीच होतं. काय बोलाचं ते जुळवत गेलो असन असं तुम्हाले वाटन, पण नाई, डोक्यात काहीच नव्हतं. वायपर इकडून तिकडं जाये, तेच पाहो.

म्हातारी ओट्यावर बाजेवर बसली होती. गाडी पाहून म्हणे, सुमीले छत्री द्या पह्यले, भिजन ते. मी तिच्याजवळ गेलो अन् म्हटलं, माय, सुमन गेली.

पुतण्या आतून धावत आला, म्हणे जवाईबापू हे काय केलं. म्हातारीनं त्याच्याकडं पाह्यलंच नाई. मले म्हणे, कधी? मी म्हटलं पोळ्याच्या आधी. ती म्हणे, म्हंजे मी पोळ्याले पुरणपोळी खाल्ली. काऊन खाऊ देली मले? मंग म्हणे, माहं नाव घेतलं का तिनं? खोटं बोलता आलं असतं. मी म्हटलं, नाई माय, तिले शुद्धच नव्हती. म्हातारी म्हणे, बरं.

थोड्या वेळानं उठली, दोन लुगडे पिशवीत टाकले, म्हणे चाला. पुतण्या म्हणे, मोठीमाय, जवायाच्या घरी रायते का कोणी, तुम्ही तं सुमीबाईच्या घरी कधी जेवल्याई नाई, लोकं काय म्हणतीन? तर म्हातारी म्हणे, लेकीच्या घरचं खात नाई मी. आता तथी लेक कुठं आहे?

तवापासून माह्याकडंच आहे. मी सयपाक करतो, ती खाते, मीठ कमी म्हणते, ताटातलं सोडत नाई. पोरगा फोन करते, बाबा, कसं चालून राह्यलं? मी म्हणतो चालून राह्यलं. सकाळी मी चा ठेवतो. परवा ती म्हणे, जवाईबापू, तुम्ही रडले का? मी म्हटलं नाई. तुम्ही? ती म्हणे, मीई नाई. मंग चा पेलो. देव सुमनले सुखात ठेवो, अन् हिलेई. माहं काही मागणं नाई.