सही-शिक्क्याचं लेखी मत

खांद्याच्या ऑपरेशननंतर बायकोची बोटं हलेनात, हे तुम्हाला माहीत आहेच. केस लावायला गेलो तर वकील म्हणाला, "पहले किसी दूसरे सर्जन की राय लाइए, लिखकर. और दो साल की मियाद में बीस ही दिन बचे हैं."

चार सर्जन झाले. फाइल बघून सगळे हळहळले, पेनला कोणी हात लावला नाही. शेवटी आपल्या मंडळात आरतीला येणारे डॉक्टर गाठले, तेही सर्जनच. म्हटलं, आपला माणूस आहे.

त्यांनी पान न् पान वाचलं. म्हणाले, "चूक झालीय. बिल्कुल झालीय."

"मग एवढंच लिहून द्या ना, डॉक्टर."

त्यांनी फाइल मिटली. "ज्यांनी ऑपरेशन केलं ना, त्यांच्याच हाताखाली मी शिकलो."

माझे हात थरथरायला लागले. ते बघून त्यांनी माझं बीपी घेतलं, पॅड पुढे ओढलं आणि लिहायला लागले. मी मनातल्या मनात गणपतीला हात जोडले.

जिन्यात कागद वाचला. बीपीची गोळी, रोज सकाळी एक, माझ्या नावाने. खाली सही, शिक्का, सगळं.

वकिलाला दाखवला. तो म्हणाला, "राय तो पक्की है, साहब. बस मरीज दूसरा है."