आजीचे गाल

बाई : नाही, दुखत नाहीये. नुसता आवाज येतोय. कुणीतरी अगदी कानाशी बसून जाड कापड कापतंय असा.

डॉक्टर : तो मी.

बाई : ते कळलं. आणि कापड कोण, तेही कळलं.

सिस्टर : बाई, बोलू नका हो. गाल हलला की साहेबांना हात उचलायला लागतो.

बाई : सिस्टर, तीस वर्षं ड्रायव्हिंग स्कूल चालवतेय मी. शेजारी कुणी काही चालवत असलं की माझं तोंड आपोआप चालू होतं.

डॉक्टर : आज स्टिअरिंग माझ्याकडे आहे.

बाई : त्याचीच तर धास्ती आहे.

सिस्टर : साहेब, यांचा पाय बघा. मघापासून सारखा दाबल्यासारखा करतायत. बाई, मुंग्या आल्यात का पायाला?

बाई : मुंग्या कसल्या, ब्रेक मारतेय. शिकवणाऱ्याच्या बाजूलाही एक ब्रेक असतो ना, तो. यांची कात्री जरा जोरात गेली की माझा पाय खाली जातो. सवय हो.

सिस्टर : अगं बाई!

डॉक्टर : लागतोय का?

बाई : कुठला लागतोय! तुम्ही आपले सुसाट.

डॉक्टर : हसायचं नाही. सिस्टर, तुम्हीही नाही. तुमच्या हातात चिमटा आहे आणि चिमट्यात त्यांचा गाल आहे.

बाई : आणि हा वास कसला? केस जळल्यासारखा?

डॉक्टर : बारीक रक्तवाहिन्या बंद करतोय.

बाई : माझ्या?

डॉक्टर : इथे दुसरं कुणी झोपलेलं नाही. तसं म्हणाल तर तुम्हीही झोपलेल्या नाही. पूर्ण भूल घेतली असतीत तर आत्ता गाढ झोपेत असतात. सगळं उरकल्यावर उठला असतात. मी दोनदा सुचवलं होतं.

बाई : आणि मी दोनदा नको म्हटलं होतं. दुसऱ्याच्या हातात गाडी देऊन मागच्या सीटवर घोरत पडणारी बाई नाही मी. चेहरा बधिर करा, गालाचं काय करायचं ते करा, पण मी जागी राहणार.

सिस्टर : धाडस आहे बाई तुमचं. आमच्याकडे फेसलिफ्टला येतात त्या नखाएवढी सुई बघूनच म्हणतात, आधी झोपवा.

बाई : धाडस कसलं, मस्ती म्हणा. बासष्टाव्या वर्षी चांगलं हिंडतंफिरतं थोबाड घेऊन यायचं आणि म्हणायचं, शिवून द्या. फाटलेलं नसताना.

सिस्टर : विचारू का? चांगल्या तर दिसत होतात. एवढा खटाटोप कशाला मग?

बाई : दिसत होतात?

सिस्टर : दिसता! दिसता.

बाई : राहू दे, कळलं. अहो, आमच्या स्कूलच्या बोर्डावर माझा फोटो आहे, चाळिशीतला. काळा गॉगल, हात स्टिअरिंगवर, ऐट काय विचारू नका. नवीन पोरं येतात, बोर्डाकडे बघतात, माझ्याकडे बघतात आणि विचारतात, त्या मॅडम कधी येतील? मी म्हणते, त्या बाहेर गेल्यात, तोवर मी शिकवते. किती दिवस चालवायचं असं? म्हटलं, बोर्ड उतरवण्यापेक्षा चेहरा चढवावा.

डॉक्टर : हसू नका म्हटलं ना.

बाई : मी नाही हसले. टेबल हललं.

सिस्टर : पण साहेब, तुम्ही भिंतीवर लावलाय तो फोटो काही बोर्डावरचा नाही. त्यात तर बाई जास्तच... म्हणजे...

डॉक्टर : तो त्यांनीच आणून दिला. "अशी नको", एवढंच म्हणाल्या. आजारपणातला असावा. चार-पाच वर्षांपूर्वीचा. बरोबर?

बाई : तो माझा नाही.

डॉक्टर : काय?

बाई : तुमचा हात का थांबला? थांबवू नका. तो माझ्या आजीचा आहे. वडिलांच्या आईचा.

सिस्टर : अहो, हुबेहूब आहात की!

बाई : हेच ऐकत आलेय गेली दहा वर्षं. तिचे ते ओघळलेले गाल, तोंडाच्या कोपऱ्यातून खाली उतरणारी रेघ, गळ्याखालची घडी, सगळं जसंच्या तसं माझ्याकडे आलं. वडिलांनी मला त्यांच्या घरचं दुसरं काही दिलं नाही. गाल तेवढे दिले.

सिस्टर : मग आजीसारखं दिसलं म्हणून काय बिघडलं?

बाई : माझं नाही बिघडत. आईचं बिघडतं.

डॉक्टर : आता थोडा दाब जाणवेल. बोला, हळू बोला. ओठ कमी हलवून.

बाई : दोन वर्षांपूर्वी आई न्हाणीघरात पडली. खुबा मोडला. ऑपरेशन झालं, पूर्ण भूल देऊन. बाहेर आणली, डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "सासूबाई, मी साखर नाही हो खाल्ली." आम्ही हसलो. भाऊ हसला, मी तर पोट धरून हसले. म्हटलं, अंमल आहे अजून, उतरेल संध्याकाळपर्यंत.

सिस्टर : आणि?

बाई : अजून उतरायचाय.

डॉक्टर : ते एकट्या भुलीमुळे होत नाही. आजार आधीच आत असतो. आपल्या लक्षात आलेला नसतो. एवढ्या मोठ्या ऑपरेशननंतर तो उघडा पडतो.

बाई : असेल. तुम्ही शिकलेले आहात. पण दाराबाहेरच्या बाकावर मी बसले होते. आत गेली ती माझी आई होती, बाहेर आली ती आजीची सून.

सिस्टर : म्हणून तुम्ही झोपायला तयार नव्हतात.

बाई : झोपेतून उठले आणि मीच कुणाची तरी सून होऊन बसले तर? माझी सासू काय कमी होती? तिच्यापायी तर गाडी चालवायला शिकले मी. लवकरात लवकर लांब जाता यावं म्हणून.

सिस्टर : तुम्ही नका हो हसवू असं.

बाई : बरं, नाही हसवत. आई माझ्या हातून खात नाही, सिस्टर. चमचा पुढे केला की ओठ घट्ट मिटून घेते. सांभाळायला बाई येते, तिच्या हातून खाते. भावाच्या हातून खाते. एकदा पंखा दुरुस्त करायला माणूस आला होता, त्याच्याही हातून खाल्लं. मी खोलीत शिरले की पाय पोटाशी घेऊन बसते. वजन उतरलंय तिचं. स्कूलमधून आले की मी सारा वेळ तिच्यासोबत, आणि ती सारा वेळ माझ्या धाकात.

डॉक्टर : आवाज ओळखत नाहीत?

बाई : हो, फोनवर ओळखते! ते तर नाटक आहे रोजचं. मी शेजारच्या खोलीत जाते आणि तिथून तिच्या खोलीतल्या फोनवर फोन लावते. ती उचलते. अशी बोलते, अशी बोलते! मग आवाज बारीक करून सांगते, "अगं, म्हातारी बाहेरच बसलीय. तू गाडी घेऊन ये आणि ने मला इथून." मी म्हणते, निघालेच आई. आणि फोन ठेवून खोलीत जाते, तर ही पुन्हा भिंतीला चिकटलेली. कारण म्हातारी आली.

डॉक्टर : सिस्टर, मला जरा एक मिनिट द्या.

बाई : का, काय झालं?

डॉक्टर : हे मला आधी का नाही सांगितलंत? माझ्या केबिनमध्ये दोन वेळा बसलात. बोर्ड, गॉगल, पोरं, सगळं सांगितलंत.

बाई : हे सांगितलं असतं तर ऑपरेशन केलं असतंत?

डॉक्टर : नाही.

बाई : झालं तर मग.

डॉक्टर : अहो, हा आजार चेहऱ्यापुरता नसतो. त्यांना तुम्ही कुठल्या वयाच्या हव्या आहात ते मला माहीत नाही, तुम्हाला माहीत नाही, त्यांनाही नाही. कदाचित त्या दहा वर्षांची मुलगी शोधत असतील. मी गाल उचलू शकतो. पन्नास वर्षं नाही उचलू शकत.

सिस्टर : साहेब, प्रेशर चढतंय.

बाई : थांबा. सगळं थांबवा.

डॉक्टर : थांबलोय. हात वर आहेत माझे. लांब श्वास घ्या. सिस्टर, त्यांचा हात धरा.

बाई : लागला एकदाचा ब्रेक.

सिस्टर : मी आहे हं बाई. घाबरू नका.

बाई : डॉक्टर, एक सांगा. इथेच सोडून दिलं तर?

डॉक्टर : तुम्ही नको म्हटलंत तर मी पुढे जाणार नाही. उजवी बाजू संपत आलीय, टाके घालीन आणि घरी पाठवीन. डावीला अजून हात लावलेला नाही.

बाई : म्हणजे उजवीकडे बोर्डावरची मॅडम आणि डावीकडे आजी.

डॉक्टर : साधारण तसंच.

बाई : आईच्या उजव्या अंगाला बसलं की सासू, डाव्या अंगाला बसलं की लेक. बिचारी मान वळवून वळवून दमेल.

सिस्टर : तुम्ही रडताय की हसताय, बाई? डोळ्यांवरच्या पट्टीखालून काही कळत नाही.

बाई : मलाही कळत नाही. अर्धं तोंडच बधिर आहे. डॉक्टर, खरं खरं सांगा, ती ओळखेल का?

डॉक्टर : मला नाही वाटत.

बाई : घाबरायची तरी थांबेल?

डॉक्टर : त्याचं उत्तर माझ्याकडे नाही. खोटं सांगू का?

बाई : नको. आजवर मला खोटं सांगणारे सगळे टेस्टमध्ये नापास झाले. करा तुम्ही डावी बाजू.

डॉक्टर : नक्की?

बाई : नक्की. तिला नाही तर नाही कळलं. बोर्ड तरी जुळेल. त्या पोरांना मॅडम भेटतील.

डॉक्टर : ठीक आहे. आधी ही बाजू बंद करतो, मग डावीकडे भुलीच्या सुया. त्या टोचतील. तेव्हा बोललात तरी चालेल, मोठ्यानं बोला.

बाई : काय बोलू?

डॉक्टर : शेजारच्या खोलीतून बोलता ते बोला.

बाई : तुमच्यादेखत?... बरं. हॅलो, आई? हो, मीच. निघाले गं. आई गं! काही नाही, खड्डा होता. रस्ता जरा खराब आहे, पण येतेय. तू जेवून घे. हो, येतेच आहे मी.

(टाके निघाल्यानंतरची सकाळ. आईची खोली. पडदा अर्धा ओढलेला.)

आई : कोण आहे?

बाई : मी आहे, आई. सूप आणलंय.

आई : ती नेहमीची कुठे गेली?

बाई : बाहेर गेलीय. आज मी देते.

आई : तुम्ही नवीन दिसता.

बाई : हो. तशी नवीनच. आताच बाहेर पडलेय गॅरेजमधून.

आई : नाव काय तुमचं?

बाई : तुझी मुलगी आहे मी, आई.

आई : माझी मुलगी गाडी चालवते. तिला बसायला वेळ नसतो. फोन करते मात्र.

बाई : हो. करते.

आई : तोंडाला काय लागलंय?

बाई : काही नाही.

आई : काही नाही कसं? पडदा सार तो. उजेडात ये इकडे. अगं पोरी, हिरवंनिळं झालंय सगळं! आणि कानापाशी हे काय, शिवलंय की काय?

बाई : मीच करून घेतलं. हौस म्हणून.

आई : हौसेनं कुणी असं तोंड फोडून घेतं का? मला सांगतेस? सासूनं मारलं ना?

बाई : नाही गं...

आई : लपवू नकोस. मीपण लपवायचे. पडले म्हणायचे, दार लागलं म्हणायचे. कुणाचा विश्वास बसायचा नाही आणि कुणी विचारायचंही नाही. दार लाव आधी.

बाई : आई, तुला आजी... तुझी सासू मारायची?

आई : हळू बोल. आता कुठे दिसत नाही, पण असते ती. पोरांना नव्हतं कळू दिलं मी. मुलीला तर मुळीच नाही. तिचा जीव होता आजीवर.

बाई : ...लावलं दार.

आई : बस इथे. माझ्याजवळ बस. जेवलीस?

बाई : हे तुझ्यासाठी आहे.

आई : माझं होईल मागाहून. आण तो चमचा. तोंड उघड.

बाई : मोठं नाही उघडत अजून. ताण पडतो.

आई : बघ, काय करून ठेवलंय. माणसाला एवढं मारायचं असतं का? हळूहळू घे. गरम आहे?

बाई : नाही. बरोबर आहे.

आई : आणखी घे.

बाई : आता तू घे एक. एक मला, एक तुला.

आई : दे.

बाई : हा घे.

आई : मीठ कमी आहे.

बाई : उद्या जास्त घालीन. घे, अजून एक घे.

आई : तू घाल. ती चमचा मोजून घालते. आणि रडू नकोस असं. आपण रडलं की तिला बरं वाटतं.

बाई : रडत नाहीये.

आई : ये, हात फिरवते. मुलीला लागलं की असाच फिरवायचे. दुखतंय?

बाई : नाही.

आई : मग तोंड असं का केलंस?

बाई : मला कळत नाहीये, आई. तुझा हात दिसतोय, पण कळत नाहीये. गाल बधिर आहे. काही महिने असाच राहणार, म्हणाले.

आई : इथे?

बाई : नाही.

आई : इथे?

बाई : थोडा अजून नाकाकडे घे... हां. तिथे कळतो.